जाहीर आभार

आमच्या गुणाजीकाकाला कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. गावात नवा ट्रान्सफॉर्मर बसला, वायरमनला शाल. पोलीस पाटलाची सून पदवीधर झाली, तिला शाल आणि तिच्या सासूलाही, उगाच वाईट वाटायला नको म्हणून. एकदा नाल्यात अडकलेली म्हैस बाहेर काढली म्हणून जेसीबीच्या ड्रायव्हरला त्यानं भर चौकात नारळ दिला होता. तो बिचारा भैया इतका घाबरला की नारळ तिथंच ठेवून पळाला.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा मोठा भाऊ. शीळफाट्यावरून आत वळलं की डोंगराच्या कुशीला आमचं गाव लागतं. तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, पण सरकारदरबारी आम्ही अजून ग्रामीण. जमिनीचा भाव सांगताना आम्ही शहर असतो आणि डॉक्टर मागायला गेलं की खेडं. काकानं बरीच जमीन बिल्डरला दिली, तरी डोंगराकडची भातशेती राखून ठेवली. ती कसायला वरच्या ठाकूरपाड्यावरचा गणू आणि त्याची बायको बायजा.

मी दिशा. राहते डोंबिवलीत, काम करते ठाण्यात. राज्याच्या अर्थसंकल्पात गावाकडच्या दवाखान्यांना काय मिळालं, त्यातलं खरंच काय पोचलं, हे आमची संस्था बघते, आणि अधिवेशनाच्या आधी आमदारांना प्रश्न लिहून देते. नातेवाइकांना हे समजावता समजावता मी हात टेकले. आता कुणी विचारलं की बँकेत आहे म्हणते.

बायजाचा मुलगा गेला तेव्हापासून हे सगळं सुरू झालं. दहा-अकरा वर्षांचा होता, बांधावर घोणस चावली. गावच्या उपकेंद्रात सापाचं इंजेक्शन नव्हतं. नर्स होती, ती दुसऱ्या गावी लसीकरणाला गेलेली. काकानं पोराला स्वतःच्या गाडीत घातलं आणि स्वतःच गाडी काढली. शीळफाट्यावर नेहमीसारखे कंटेनर अडकलेले. काका हॉर्नवर हात दाबून बसला होता. पुढच्या गाड्या कुठं हलणार होत्या? मागच्या सीटवर बायजाच्या मांडीवर पोर गेलं आणि ती काही बोललीच नाही, त्यामुळे काका बराच वेळ हॉर्न वाजवत राहिला.

काकानं ती गाडी विकून टाकली. दिवसकार्याला तो पाड्यावर गेला, पाड्याच्या देवासमोर हात ठेवला आणि बायजाला म्हणाला, "गावात डॉक्टर आनीन. रात्री-बेरात्री असेल असा डॉक्टर. नाय आनला तर गुणाजी गायकर नाव सांगनार नाय."

रस्त्याला लागून असलेली चांगली जागा त्यानं आरोग्य केंद्राला देऊन टाकली. बिल्डर त्याच जागेसाठी दारात येऊन बसला होता. काकूनं महिनाभर अबोला धरला. इमारत झाली, पिवळा रंग लागला, बाहेर पाटी लागली आणि दाराला कुलूप लागलं. कारण भिंतींचा पैसा सरकारच्या एका खात्यातून येतो आणि आत बसणाऱ्या माणसांचा दुसऱ्या. भिंतींमागे ठेकेदार असतो, म्हणून भिंती लवकर येतात. डॉक्टर, नर्स, औषधं देणारा माणूस, यांची पदं मंजूर व्हायची तर अर्थसंकल्पात तशी तरतूद लागते. ती कुणी केलीच नव्हती.

बायजा दर आठवड्याला जाऊन ते रिकामं केंद्र झाडायची. काकानं किल्ली तिच्याकडंच दिली होती. मी गावी गेले की झाडू हातात घेऊनच ती विचारायची, "दिशाताय, डॉक्टर कवा येल?" मी म्हणायची, अधिवेशन होऊ दे. मग तिला अधिवेशन म्हणजे काय ते सांगायचं. ती मन लावून ऐकायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची, "झाला का तुमचा ता अधिवेशन?"

मार्चच्या अधिवेशनात आमच्या आमदारांनी खरंच हा विषय लावून धरला. लक्षवेधी सूचना मीच लिहून दिली होती. त्यांचा पीए प्रशांत माझ्याबरोबर ठाण्याच्या कॉलेजात होता, त्यामुळे ती कचऱ्यात न जाता साहेबांच्या हातात गेली. आमदार बरं बोलले. शीळफाट्याचं ट्रॅफिक, गाडीत गेलेलं पोर, जमीन देणारा शेतकरी. काकाचं नाव सभागृहात घेतलं गेलं. उत्तरादाखल सरकारकडून सांगण्यात आलं की पावसाळी अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांमध्ये, म्हणजे वर्षाच्या मधेच मंजूर होणाऱ्या जादा खर्चात, या केंद्राच्या पदांसाठी तरतूद करण्यात येईल.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण सभागृहातलं आश्वासन म्हणजे पैसा नव्हे. ते आश्वासन पाळलं की नाही हे बघायला आमदारांची एक समिती असते, आणि जोवर ते तिच्या यादीवर आहे तोवर खात्याला उत्तर द्यावं लागतं. आमची सगळी ताकद त्या यादीवर टिकून राहण्यात होती. मी काकाला फोन करून म्हटलं, "काका, आता गप्प बसायचं. जुलैपर्यंत कुणाला काही बोलू नकोस. पैसे आले की मी स्वतः तुला शाल आणून देईन."

"आनि आमदाराला काय देऊ?" काका म्हणाला. "मानूस तिकडं माजा नाव घेऊन उभा राहिला. इथं मी मुक्यासारखा बसू?"

"काम झालेलं नाही अजून."

"काम व्हईल ना. पन मान येलेवर द्यायचा असतो, बाय. तुना त्या ठान्याच्या हापिसात ह्या नाय शिकवत."

एप्रिलात सत्कार झाला. मला बोलावणं आलं ते मोबाइलवर पत्रिकेसारखं, वर गणपती. दोन जेसीबींच्या सोंडांमधून आमदारांवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या, फटाक्यांनी पाड्यावरची कुत्री डोंगरात पळाली. आणि त्या कुलूपबंद केंद्राच्या गच्चीवरून खाली भलामोठा फ्लेक्स सोडला होता. डाव्या बाजूला आमदार हसतायत, उजव्या बाजूला गुणाजीकाका पांढऱ्या शर्टात हात जोडून उभा. मध्ये लाल अक्षरांत: 'आरोग्य केंद्राचा प्रश्न मार्गी लावल्याबद्दल समस्त ग्रामस्थांतर्फे जाहीर आभार!'

"लावल्याबद्दल काय?" मी काकाला तिथंच विचारलं. "लागलाय का?"

"आगं, बॅनरवर तसाच लिवतात," तो म्हणाला. पाकळ्या त्याच्या टकलावरही पडल्या होत्या. फार सुखात होता तो. बायजा गर्दीच्या मागं पाण्याचे जार भरत होती. तिनं त्या दिवशी डॉक्टरचं विचारलं नाही. इतके फटाके वाजले म्हणजे डॉक्टर येतोच आहे, असंच तिला वाटलं असणार.

जुलैच्या पुरवणी मागण्या आल्या. मी पानन् पान बघितलं, आमचं केंद्र कुठंच नव्हतं. ठाण्याला आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाई मला ओळखतात, वाईट नाहीत, फक्त थकलेल्या असतात.

"मॅडम, तुमचं आश्वासन यादीवर नाहीये आता," त्या म्हणाल्या. "पूर्तता झाली म्हणून वगळलंय."

"डॉक्टर नाही, नर्स नाही, पूर्तता कसली?"

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. खात्यानं समितीला कळवलं होतं की प्रश्न मार्गी लागला असून ग्रामस्थांनी जाहीर आभार मानले आहेत. सोबत फ्लेक्सचा फोटो. माझा काका हात जोडून माझ्याकडंच बघत होता.

"पैसा कमी, मागणारे जास्त," बाई म्हणाल्या. "जिथं लोक ओरडतायत तिथं आधी जातो. तुमच्याकडचे तर खूश दिसले."

मला रडू आलं आणि त्याचाच जास्त राग आला. मग त्यांनीच वाट सांगितली. ज्या माणसानं आभार मानले, त्यानंच लेखी दिलं की काम झालेलं नाही, तर हिवाळी अधिवेशनाच्या आधी आश्वासन पुन्हा यादीवर येऊ शकतं. दुसऱ्या कुणाच्या तक्रारीला तेवढं वजन नाही.

मी तशीच गावी गेले. काका पडवीत मयूरच्या लग्नाच्या याद्या करत बसला होता. मयूर त्याचा धाकटा, तुळशीचं लग्न झालं की हळद. सगळं ऐकून काकानं हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"म्हंजे मी दिलेला मान मागं घेऊ?"

"मान नाही रे काका. फक्त खरं लिहून दे."

"एकच झाला ता. दिलेला मान कोन परत मागतो? सोयऱ्यांत तोंड दाखवायची सोय नाय रानार. आनि हलदीला तो येनाराय."

"तू बायजाला शब्द दिलायस."

तो एकदम उठून उभा राहिला. "तू मना नको सांगू मी बायजाला काय दिलाय ता!" मग आवाज खाली आला. "हलद व्हऊ दे. मंग सही करतो. हलदीपर्यंत थांब."

हळद होईस्तोवर नागपूरचं अधिवेशन तोंडावर येणार, हे मी सांगितलं. तो ऐकेना. काकूनं चहा आणला, तो तसाच ठेवून मी निघाले.

ऑक्टोबरात भातकापणी लागली. एप्रिलातला फ्लेक्स कधीच उतरवला होता. गणूनं तो मागून नेला आणि खळ्यावर अंथरला, भात झोडायला. चांगलं जाड कापड, पाऊस-दंव काही आत येत नाही. आमदारांच्या आणि काकाच्या तोंडावर भाताची रास पडलेली मी स्वतः बघितली होती आणि गणूला हसून म्हटलं होतं, बरं झालं, काहीतरी उपयोग झाला. गणू लाजल्यासारखा हसला होता.

सकाळच्या वेळेला पेंढी उचलताना त्याच्या मनगटाला घोणस डसली. बायजानं ओढणीनं हात बांधला. पाड्यावरच्या पोरांनी फ्लेक्सवरचं भात खाली सारलं, त्याच फ्लेक्सची झोळी केली आणि गणूला उताराने खाली आणलं. केंद्राची किल्ली बायजाच्या कमरेला होती. मयूर सांगत होता, ती केंद्रासमोर थांबली. क्षणभर सगळेच थांबले, जसं काही आत कुणी असेल. मग त्याला टेम्पोत घातलं. पुढं काका बसला.

शीळफाट्यावर पुलाचं काम चालू होतं. पुढचं मी लिहीत नाही. मयूर म्हणाला, बाबा उतरून गाड्यांच्या मधून धावत होते, लोकांच्या काचांवर हात मारत होते, एका पोलिसाच्या पाया पडले. दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनची बाटली फोडलीसुद्धा नाही.

मी पोचले तेव्हा टेम्पो परत आला होता. गणू त्याच फ्लेक्सवर होता, वरून त्याचाच अर्धा भाग पांघरलेला. काकाचे जोडलेले हात त्याच्या छातीवर आले होते. काका तो फ्लेक्स ओढून काढायला गेला. बायजा म्हणाली, "ऱ्हाऊ दे दादा. ऊन लागतंय त्याला."

त्या फ्लेक्समध्येच गुंडाळून गणूला नेलं.

तिसऱ्या दिवशी काकानं मला बोलावलं आणि सही केली. मी ते पत्र त्याच दिवशी ठाण्याला दिलं. बाई म्हणाल्या, "आता होईल. उशीर झाला, पण होईल." मला पहिल्यांदाच वाटलं की होईल. गणूच्या जिवावर होणार होतं, पण होणार होतं. असला विचार मनात येतो याची लाज वाटली, तरी तो आलाच.

काका मात्र स्वस्थ बसेना. हळदीच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, "आमदाराला म्हायती नाय मी सही केली ती."

"कळेल त्याला. तू काही बोलू नकोस. काम झालंय आपलं."

"घरी बोलवून, जेवू घालून, पाठीमागून वार करू? मान तोंडावर दिला, तोंडावरच परत घेईन. लपून नाय."

"काका, तुझ्या पाया पडते. गप्प बस. एवढा एक महिना."

"तुना नाय कलनार," तो म्हणाला. खरंच नाही कळलं. आजही कळत नाही. सत्य बोलायलासुद्धा या माणसाला मांडव आणि माइक लागतो.

संध्याकाळी हळद लागली. अख्खं गाव, सोयरेधायरे, डीजे, मटणाच्या पातेल्यांचा धूर. आमदार आले तसा गाण्यांचा आवाज कमी केला. मयूरला हळद लावून झाल्यावर रीतीप्रमाणे काकानं त्यांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. मग त्यानं माइक घेतला.

"सायब, एप्रिलात मी तुमाना शाल दिली. डॉक्टर येनार म्हनून दिली. डॉक्टर नाय आला. माजा गणू गेला. ती शाल मना परत द्या."

मागं कुणाच्या तरी हातून पातेल्यात पळी पडली. त्या क्षणी मला माझ्या काकाचा जितका अभिमान वाटला तितका आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

आमदार कसलेले. त्यांनी मान खाली घातली, मग हलकेच हसले. "गुणाजीशेठ, तुम्ही मागितलं आणि मी दिलं नाही, असं कसं होईल?" आत्ताच मिळालेली शाल त्यांनी खांद्यावरून काढली, काकाच्या अंगावर घातली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. "खरा मान तुमचाच. जमीन तुम्ही दिलीत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी मारली. काकाच्या हातातला माइक कुणीतरी घेतला, 'गुणाजीशेठ आगे बढो' सुरू झालं, प्रशांतनं फोटोवाल्याला पुढं ढकललं आणि डीजेवाल्यानं आवाज मोठा केला. काका बोलत होता. ओठ हलताना मला दिसत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. आमदारांनी त्याचा हात धरून वर केला, फोटो निघाले. बायका रडत होत्या, किती मोठ्या मनाचा माणूस म्हणून. म्हणजे आमदार.

अधिवेशनाच्या आठवड्यात ठाण्याच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या आवाजावरूनच मी ओळखलं. "तुमचं पत्र वर पाठवलेलं मॅडम. पण त्यानंतरच्या तारखेचा फोटो आलाय. तक्रारदाराचा सत्कार झालाय, समाधान झालं असं धरून समितीनं आश्वासन यादीवर घेतलंच नाही." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या काकांनी तो कार्यक्रम केला कशाला?"



त्या रविवारी गावी गेले. काका आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी आल्याचं काकूनं सांगितलं, तरी वळला नाही. ती शाल खुंटीला लटकत होती. मी त्याच्या पायाशी बसले. भांडायचं ठरवून आले होते, पण त्याची पाठ बघून त्याच्या अंगावरचं पांघरूण तेवढं सारखं केलं. निघताना तो तेवढं म्हणाला, "आता मी नाव काय सांगू, बाय?"

केंद्राजवळून जाताना रिक्षा थांबवली. गच्चीवरून नवा फ्लेक्स सोडला होता. गावच्या मंडळाच्या पोरांनी हौसेनं केलेला. 'आरोग्यदूत गुणाजीशेठ गायकर यांचा मा. आमदारसाहेबांच्या शुभहस्ते भव्य सत्कार.' काकाचा हात आमदारांच्या हातात वर धरलेला, तोंड अर्धं उघडं. शेवटचं काय बोलत होता, कोण जाणे.

खाली बायजा पायऱ्या झाडत होती. कपाळ मोकळं. मला बघून झाडू थांबवला. आता ती डॉक्टरचं विचारणार, असं मला वाटलं. पण ती वर फ्लेक्सकडं बघत होती.

"दिशाताय, ह्यो कवा उतरवनार?"

"आत्ता," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "आत्ता पोरांना बोलावते आणि फाडून टाकते. बघवत नाही मला."

"फाडू नको," ती घाईनं म्हणाली. "मना दे. जुना त्याच्यासंगती गेला. झोडायचा भात आजून उघड्यावर पडलाय."